गाडीवाल्यांचे प्रश्न: नुसतं डावीकडे वळायचं, त्यात काय एवढं?

मागच्या अंकात फॉर्म्युला वनवरच्या एका उत्तरात जाता जाता लिहिलं होतं की अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा ओव्हल, म्हणजे लंबगोल रेस ट्रॅक, चालवणं मोनॅकोच्या शहरी रस्त्यांवरच्या फॉर्म्युला वन ट्रॅकपेक्षा सोपं नाही. त्यावर इतक्या मेल आल्या की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकतोय. चेन स्प्रॉकेटवाले आणि मायलेजवाले, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात, रागावू नका.

सर, तुमचं लिखाण आवडतं पण हे काही पटलं नाही. चार वळणं, चारही डावीकडे, चारही एकसारखी. ड्रायव्हरचं कौशल्य कुठे आलं यात? मोनॅकोत बघा कसं इंच इंच मोजून चालवावं लागतं.
— एक वाचक, नाशिक

कागदावर चारही सारखी आहेत, मान्य. एक लॅप अडीच मैलांचा म्हणजे चार किलोमीटरचा, त्यात दोन लांब सरळ पट्टे एकेक किलोमीटरचे, दोन आखूड पट्टे दोनशे-दोनशे मीटरचे आणि चार वळणं चारशे-चारशे मीटरची. प्रत्येक वळण आतल्या बाजूला ९ अंश १२ मिनिटं कललेलं, म्हणजे बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा साधारण तीन मीटर उंच. या उताराला बँकिंग म्हणतात. जत्रेत मौत का कुआँ बघितला असेल तर तत्त्व तेच, वेगामुळे गाडी भिंतीला दाबली जाते आणि खाली घसरत नाही.

पण आता जरा हिशोब करा. चारशे मीटरमध्ये नव्वद अंश वळायचं म्हणजे वळणाची त्रिज्या अडीचशे मीटरच्या थोडी वर येते. एवढ्या त्रिज्येला आणि एवढ्या उताराला, टायरची बाजूची पकड अजिबात न वापरता गाडी आपोआप वळेल असा वेग निघतो ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास. बास. उताराची मदत एवढीच, आणि गाड्या जातात साडेतीनशेच्या पुढे. उरलेलं सगळं टायर आणि पंखांनी खालच्या दिशेला दिलेला हवेचा दाब यांच्या जिवावर. त्या वेगात ड्रायव्हरच्या अंगावर बाजूनं जवळपास ४ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपट जोर येतो, म्हणजे डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरलं तर मानेला ते पंचवीस किलोच्या वर जाणवतं. असं एका लॅपमध्ये चार वेळा, लॅप चाळीस सेकंदांचा, आणि दर मे महिन्यातल्या तिथल्या मुख्य रेसमध्ये लॅप दोनशे. आठशे वळणं झाली. अंतर ५०० मैल म्हणजे ८०५ किलोमीटर, समृद्धीवरून मुंबई-नागपूर ७०१ आहे, त्याहून शंभर जास्त, आणि ते साधारण तीन तासांत.

शिवाय चारही वळणं सारखी राहत नाहीत हो. वारा एका वळणात तोंडावर येतो, तर समोरच्या वळणात पाठीमागून. पाठीमागून आला की पंखांवरचा दाब कमी होतो आणि गाडी बाहेर भिंतीकडे सरकायला लागते. पुढे दुसरी गाडी असेल तर तिनं घुसळलेली हवा तुमच्या वाट्याला येते, परत तोच प्रकार. ऊन आलं की डांबर तापतं आणि पकड बदलते. सकाळी जमलेली लाइन दुपारी जमत नाही. आणि चूक झाली तर मोकळी जागा नाही, थेट भिंत. मोनॅकोतही भिंतच आहे पण तिथं बऱ्याच वळणांत वेग शंभरच्या आतबाहेर असतो, इथं तिप्पट.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर, २००२ पर्यंत ती नुसती काँक्रीटची होती. त्या वर्षी मे महिन्यात इथे पहिल्यांदा स्टीलच्या नळ्या आणि मागे फोम असा दणका गिळणारा अडथळा बसवला, नेब्रास्का विद्यापीठातल्या इंजिनिअर लोकांनी तयार केलेला. नंतर अमेरिकेतल्या बाकी मोठ्या ओव्हलनीही तोच घेतला. किती ड्रायव्हर त्यामुळे आज स्वतःच्या पायावर चालतायत.

तरी पटलं नसेल तर फर्नांडो अलोन्सोचं बघा. दोनदा फॉर्म्युला वनचा जगज्जेता. २०१७ ला मोनॅकोची रेस सोडून तो इंडियानापोलिसला गेला, २७ लॅप आघाडीवर होता आणि शेवटी शेवटी इंजिननं दगा दिला. २०१९ ला परत गेला, या वेळी मॅक्लारेनच्या स्वतःच्या टीमकडून, तर ३३ गाड्यांमध्ये जागाच मिळवता आली नाही. शेवटची जागा एका छोट्या टीमच्या पोरानं पटकावली. गाडी नीट तयार नव्हती हे खरं, पण नुसतं डावीकडे वळायचं असतं तर अलोन्सोनं ढकलत पण नेली असती की.

काका, मी नववीत आहे. ओव्हल म्हणजे लंबगोल ना? मग फोटोत हा ट्रॅक कोपरे गोल केलेल्या चौकोनासारखा का दिसतो?
— सांगली

शाब्बास, नजर चांगली आहे तुझी. उत्तर आहे जमीन. तिकडे शेतजमिनी सरकारी मोजणीनं चौकोनी आखलेल्या असतात, आणि हा ट्रॅक इंडियानापोलिस शहराबाहेरच्या अशाच ३२८ एकरांवर १९०९ मध्ये बांधला. चार भागीदार होते, कार्ल फिशर, जेम्स ॲलिसन, आर्थर न्यूबी आणि फ्रँक व्हीलर. फिशर आणि ॲलिसन गाड्यांच्या ॲसिटिलीन गॅसवरच्या हेडलाइटच्या धंद्यातले, आणि त्या काळात इंडियाना राज्यात गाड्या बनवणारे बरेच कारखाने होते पण गाडी पूर्ण वेगात पळवून बघायला रस्ताच नव्हता. म्हणून मुळात ही जागा टेस्टिंगसाठी, आणि अधूनमधून रेस लावली तर लोकांना कळेल कुणाची गाडी चांगली, असा विचार. आधी तीन मैलांचा ट्रॅक आखला होता, पण मग तो प्लॉटच्या अगदी कडेला जात होता आणि बाहेरून प्रेक्षक बसवायला जागा उरत नव्हती, म्हणून अडीच मैल केला. प्लॉट आयताकृती, ट्रॅकही तसाच झाला.

जमिनीमुळे आकार ठरण्याचा याहून भारी किस्सा साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनचा. हॅरॉल्ड ब्रॅसिंग्टन नावाचा माणूस इंडियानापोलिसची रेस बघून आला आणि आपल्या गावात तसं काहीतरी करायचं म्हणून त्यानं जमीन घेतली. ज्याच्याकडून घेतली त्या शेतकऱ्याची एकच अट, एका टोकाला असलेल्या माझ्या मासळीच्या तळ्याला हात लावायचा नाही. मग काय, तळ्याच्या बाजूची वळणं आवळून घ्यावी लागली आणि दुसऱ्या बाजूची मोठी राहिली. ट्रॅक झाला अंड्याच्या आकाराचा. १९५० पासून तिथे रेस होतात, आणि गाडी एका टोकाच्या वळणांसाठी सेट केली की दुसऱ्या टोकाला बिनसते, म्हणून ड्रायव्हर लोक त्याला टरकून असतात. तळ्यातल्या माशांमुळे पाऊणशे वर्षं मेकॅनिक हैराण आहेत असं म्हटलं तरी चालेल.

फ्लोरिडातल्या डेटोनात उलटं झालं. तिथं ३१ अंशांचं बँकिंग उभं करायला एवढी माती लागली की ती मधूनच खणून काढली, आणि त्या खड्ड्याचं तळं झालं. ते अजून ट्रॅकच्या आत आहे. आणि सगळ्यात आधीचा पाहिजे असेल तर इंग्लंडमधला ब्रुकलँड्स, १९०७ चा, खास मोटार रेससाठी बांधलेला जगातला पहिला ट्रॅक. काँक्रीटचा होता, बँकिंगची कड जवळपास नऊ मीटर उंच. १९३९ नंतर तिथे रेस झाली नाही, पण त्या उताराचे तुकडे अजून उभे आहेत आणि शेजारी म्युझियम आहे.

फिनिश लाइनवर तो विटांचा पट्टा कशासाठी? आणि जिंकलेली माणसं गुडघ्यावर बसून त्या विटांचे मुके घेतात ते काय आहे? घरात आमच्या यावरून वाद झाला.
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

वाद मिटवू. पण त्यासाठी ऑगस्ट १९०९ पर्यंत मागे जावं लागेल, आणि ही गोष्ट काही गोड नाही.

ट्रॅकवरची पहिली स्पर्धा गाड्यांची नव्हतीच, जूनमध्ये गॅसच्या फुग्यांची रेस झाली कारण जमिनीवरचं काम पूर्ण झालं नव्हतं. पृष्ठभाग होता फोडलेली खडी आणि त्यावर डांबर-तेलाचा मारा. ऑगस्टमध्ये मोटरसायकली आल्या, खडी उखडायला लागलेली बघून त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी जोर लावायलाच नकार दिला. तरी पाठोपाठ तीन दिवसांच्या गाड्यांच्या रेस लावल्याच. पहिल्याच दिवशी एक ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबर बसलेला मेकॅनिक गेला. तिसऱ्या दिवशी एका गाडीचा टायर फुटून ती कुंपण तोडून लोकांत घुसली, दोन प्रेक्षक आणि एक मेकॅनिक गेले. खडीचे तुकडे गोळीसारखे तोंडावर येत होते, खड्डे पडले होते, धुळीत पुढचं दिसत नव्हतं. तीनशे मैलांची शेवटची रेस अर्ध्यातच थांबवावी लागली.

एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणी कुलूप लावलं असतं. फिशर आणि मंडळींनी पूर्ण ट्रॅक विटांनी मढवायचं ठरवलं. ३२ लाख विटा, एकेक वीट सव्वाचार किलोची, वाळूवर हातानं बसवत गेले आणि फटींत सिमेंट ओतलं. ६३ दिवसांत काम खलास. हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा आपल्याकडचे ‘काम प्रगतीपथावर आहे’ चे बोर्ड आठवतात, असो. ट्रॅकला ब्रिकयार्ड हे टोपणनाव तेव्हापासून चिकटलं.

मग १९११ ला ३० मे रोजी पहिली पाचशे मैलांची रेस. चाळीस गाड्या. जिंकला रे हॅरून, वेळ ६ तास ४२ मिनिटं, सरासरी ताशी १२० किलोमीटर. बाकीच्यांच्या गाडीत मेकॅनिक बसायचा, तो मागे बघून सांगायचा कोण येतंय. हॅरून एकटाच, म्हणून बाकीच्यांनी तक्रार केली की हा धोकादायक आहे, तर त्यानं समोर एक आरसा बसवून घेतला. गाडीत मागचं बघायला लावलेला हा जगातला पहिला आरसा म्हणून खूप ठिकाणी सांगतात. पहिला होता की नव्हता यावर वाद घालणारे घालतात, पण रेसिंगमधला सगळ्यात गाजलेला आरसा तोच.

विटा टिकाऊ खऱ्या पण खडबडीत. वेग वाढला तशी गाडी नुसती नाचायची. १९३० च्या दशकात आधी वळणांवर डांबर घातलं, मग बाकी ठिकाणी, आणि शेवटी फक्त मुख्य सरळ पट्ट्यावर विटा उरल्या. ऑक्टोबर १९६१ मध्ये त्याही झाकल्या, ठेवला तो फक्त एक यार्ड म्हणजे ९१ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा, स्टार्ट-फिनिशच्या रेषेवर. बऱ्याचशा जुन्या विटा अजून डांबराखालीच आहेत.

आणि मुके? ते अगदी अलीकडचं. १९९६ ला डेल जॅरेट तिथली नॅस्कारची (रोजच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या रेस गाड्यांची अमेरिकन सिरीज) रेस जिंकला, त्याला आणि त्याचा क्रू चीफ, म्हणजे मेकॅनिक टीमचा प्रमुख, टॉड पॅरटला वाटलं या जागेला काहीतरी मान द्यावा, गेले चालत आणि टेकवले ओठ. बाकीच्यांनी उचललं, पाचशे मैलवाल्यांनीही. आता लोकांना वाटतं शंभर वर्षांची परंपरा आहे. तेव्हा घरात जो कोण ‘पूर्वीपासून करतात’ म्हणत होता तो हरला.

आम्ही पुण्याहून इंडियानात राहायला आलो. मे महिना आला की इथे सगळं गावच या रेसनं वेडं होतं. दोन प्रश्न: जिंकणारा दूध का पितो? आणि मागे एकदा रेसच्या वेळी आम्ही टीव्ही लावला तर लाइव्ह लागेचना. गावातली रेस गावालाच दिसत नाही, असं कसं?
— एक वाचक, कार्मेल, इंडियाना

दुधाची सुरुवात खरं तर ताकापासून. लुई मेयर नावाचा ड्रायव्हर, त्याला आईनं लहानपणापासून सांगितलेलं की उन्हाचं ताक पीत जा. (ही बाई आपल्याकडची असती तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.) १९३६ ला तो तिसऱ्यांदा जिंकला आणि ताकाची बाटली तोंडाला लावली, तो फोटो पेपरात आला. दुधाच्या धंद्यातल्या एका माणसाला वाटलं हे दूधच आहे, आणि त्यानं जाहिरातीची संधी ओळखून पुढच्या जिंकणाऱ्यांना दूध मिळेल अशी सोय लावली. मधली काही वर्षं बंद होतं, १९५० च्या दशकात परत सुरू झालं. आता तर रेसच्या आधी प्रत्येक ड्रायव्हरला विचारून ठेवतात, मलईचं हवं का कमी फॅटचं. १९९३ ला ब्राझीलच्या एमर्सन फिटिपाल्डीनं आधी संत्र्याचा ज्यूस प्यायला कारण त्याच्या स्वतःच्या संत्र्याच्या बागा होत्या, आणि लोकांनी त्याला असं झापलं की त्याचं नाव निघालं की आजही ते निघतं.

टीव्हीचं म्हणाल तर जुना नियम आहे, तिकिटं सगळी खपली नाहीत तर आसपासच्या भागात लाइव्ह दाखवायचं नाही, म्हणजे लोक स्टँडमध्ये येतील. २०१६ ला शंभरावी रेस होती, तिकिटं संपली, तेव्हा उठवला होता, २०२५ लाही उठवला. नियम लागू असेल त्या वर्षी तिथले लोक रेडिओ ऐकतात आणि संध्याकाळी रेकॉर्डिंग बघतात. माझा सल्ला, एकदा जाऊनच या. जागा घेताना जेवढ्या वरच्या रांगेत मिळेल तेवढी घ्या, खालून फक्त आवाज आणि रंगाचे फटकारे दिसतात. वळणाजवळची घ्या. कानात घालायला बोळे न्या, लहान पोरं असतील तर हेडफोनच. छोटा कूलर आत नेऊ देतात, तेव्हा डबा घरून. आणि गर्दी नको असेल तर आधीच्या आठवड्यांत प्रॅक्टिस आणि क्वालिफाइंग (रेसमधली जागा ठरवणाऱ्या फेऱ्या) असतं, तिकीट बरंच स्वस्त, गाड्या त्याच.

माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. या गाड्यांना चारही टायर वेगवेगळे असतात असं ऐकलं, खरं काय?
— इचलकरंजी

खरं आहे, आणि तुमच्याकडे अशी गाडी आली तर तुम्ही मालकाला म्हणाल अपघात झालाय का. मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा घेरानं किंचित मोठा ठेवतात, म्हणजे गाडी आपसूक डावीकडे ओढते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, दोन्ही बाजूंना डावीकडेच, म्हणजे उजवी चाकं आत झुकलेली आणि डावी बाहेर. परिणाम असा की सरळ पट्ट्यावर ड्रायव्हरला स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागतं, नाहीतर गाडी आतल्या बाजूला निघाली. शिवाय कॉकपिटमध्ये वजन इकडून तिकडे सरकवायचं बटण असतं, टायर झिजत गेला, टाकीतलं इंधन कमी झालं की तो चालवता चालवता सस्पेन्शनच्या एका कोपऱ्यावरचा भार कमी-जास्त करतो. सगळ्यात जास्त मार उजव्या बाजूच्या टायरना. इंधन भरायचं तोंड डाव्या बाजूला, कारण पिट, म्हणजे रेसमध्ये थांबून टायर-इंधन घ्यायची जागा, ट्रॅकच्या आत.

आपल्या भारतातला कुणी तिथे धावलाय का? आणि भारतात असा ओव्हल आहे का?
— अहिल्यानगर

इंडियानापोलिसला धावलाय, नारायण कार्तिकेयन, पण पाचशे मैलांत नाही, २००५ च्या फॉर्म्युला वनमध्ये. २००० ते २००७ फॉर्म्युला वन तिथे व्हायची, ट्रॅकच्या आतल्या मैदानात वळणावळणाचा रस्ता केला होता आणि ओव्हलचं एक नंबरचं वळण उलट्या दिशेनं वापरायचे. २००५ ला रेसच्या आधी शुक्रवारी त्याच बँकिंगवर राल्फ शूमाकरचा मागचा डावा टायर गेला आणि गाडी भिंतीवर. मिशेलिननं सांगितलं की आमचे टायर इथे पूर्ण रेस टिकतील याची खात्री देता येत नाही. तोडगा निघाला नाही. रविवारी वीसच्या वीस गाड्या एक लॅप फिरल्या आणि मिशेलिनवाल्या चौदा सरळ पिटमध्ये. उरल्या सहा, सगळ्या ब्रिजस्टोनवाल्या. मायकेल शूमाकर पहिला, बारिकेलो दुसरा, जॉर्डन टीमचा माँतेरो तिसरा आणि त्याच टीमचा कार्तिकेयन चौथा, पाच पॉइंट. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाला मिळालेले पहिले पॉइंट ते. लोक बाटल्या फेकत होते, पण पॉइंट ते पॉइंट.

खऱ्या ओव्हलवर पण तो धावलाय. २०१० ला नॅस्कारच्या ट्रक सिरीजमध्ये मार्टिन्सव्हिलला उतरला, तो ट्रॅक जेमतेम साडेआठशे मीटरचा, पेपरक्लिपसारखा. त्या वर्षी सिरीजमधला सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून त्यालाच मतं मिळाली. ती कुठल्या देशातून गेली असतील ते सांगायला नको.

भारतात रेसचा मोठा ओव्हल नाही. पण इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स म्हणून टेस्टिंगची जागा आहे, तिथं ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ओव्हल आहे, इंडियानापोलिसच्या जवळपास तिप्पट. २०२१ ला प्रकाश जावडेकर अवजड उद्योग मंत्री असताना त्यांच्या हस्ते उद्घाटन झालं. गाड्या आणि टायरच्या कंपन्या तिथं चाचण्या घेतात. तिकीट काढून बघायची सोय नाही, फोन करू नका.

बायकांना भाग घेता येतो का या रेसमध्ये?
— एक वाचक भगिनी, मडगाव

आता येतो. १९७१ पर्यंत तर पिट आणि गॅरेजमध्ये सुद्धा बायकांना येऊ देत नव्हते, पत्रकार असली तरी नाही, गाडीची मालकीण असली तरी नाही. १९७७ ला जॅनेट गथ्री क्वालिफाय झाली, शिक्षणानं फिजिक्सवाली, आणि मग पेच पडला की रेसच्या सुरुवातीला ‘जेंटलमेन, स्टार्ट युअर इंजिन्स’ म्हणतात त्याचं काय करायचं. ट्रॅकचे मालक टोनी हल्मन यांनी, ज्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर गवत माजलेली ही जागा साडेसात लाख डॉलरला घेऊन परत उभी केली होती, त्यांनी जेंटलमेन काही सोडलं नाही, पण आधी ‘क्वालिफाय झालेल्या पहिल्या महिलेच्या साथीनं’ असं जोडलं. त्या दिवशी तिची गाडी लवकर बिघडली. पुढच्या वर्षी मनगट मोडलेलं असताना ती नववी आली. आणि सगळ्यात वरचा नंबर डॅनिका पॅट्रिकचा, २००९ ला तिसरा.